भुकेची पूड

डॉक्टर प्रसेनजित वानखडे यांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तेव्हा दुपारचे सव्वाबारा झाले होते. गरोदरपणात बाईने काही घेतलं होतं का? तंबाखू, मिश्री, दारू, झोपेची गोळी, गावठी औषध, काहीही.

"काही नाही, साहेब," पुष्पाबाई म्हणाली. "आमच्या सुनेले सुपारीचीबी सवय नाही."

मंजुश्री इंगळे तिच्या मागेच उभी होती. ती गावची आशा सेविका. पुष्पाबाईची सून सुचिता तिच्या यादीतली. नोंदणीपासून सोनोग्राफीपर्यंत आणि लोहाच्या गोळ्यांपासून परवाच्या बाळंतपणापर्यंत सगळं मंजुश्रीच्या हातून झालं होतं. डॉक्टरांनी पुष्पाबाईच्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिनेही नाही म्हणून मान हलवली.

काचेपलीकडे नवजात कक्षात, उबेच्या दिव्याखाली सुचिताचा मुलगा होता. दोन दिवसांचा, महिनाभर आधी जन्मलेला, वजन अठराशे पन्नास ग्रॅम. काल सकाळपासून त्याचे हातपाय थरथरत होते. रडणं बारीक आणि ताणलेलं होतं, आणि ते थांबलं की तो असा झोपून जाई की तळव्यावर टिचकी मारली तरी डोळे उघडत नसे. त्याला चोखता येत नव्हतं. म्हणून सुचिता दर दोन तासांनी वाटीत दूध पिळून द्यायची आणि सारिका सिस्टर ते नळीतून त्याच्या पोटात सोडायच्या. रक्तातली साखर ठीक होती, कॅल्शियम ठीक होतं. मेंदूपर्यंत जंतू पोहोचले असतील, या शंकेवरून अँटिबायोटिक रात्रीच सुरू झालं होतं. आता अडलं होतं ते एवढ्यावरच, की ही आकडी आहे की नुसती थरथर. पहाटे सारिका सिस्टरांना एक झटका बराच वेळ चाललेला दिसला होता. त्या वेळी त्यांच्या हातात दुसरं बाळ होतं, त्यामुळे किती वेळ ते त्या नक्की सांगू शकत नव्हत्या.

डॉक्टरांनी पुढचं सगळं सरळ सांगितलं. एक वाजता पाठीच्या कण्यातलं पाणी तपासणीसाठी काढायचं. त्यासाठी वडिलांची सही लागेल. त्यानंतर आकडीचं इंजेक्शन. त्या औषधाने सुस्त बाळ आणखी सुस्त होतं, कधी श्वास मंदावतो. इथलं श्वासाचं यंत्र दुसऱ्या बाळाला लावलेलं आहे, तेव्हा इंजेक्शन दिलं की लगेच अकोल्याला हलवावं लागेल. रस्त्यात काही होणार नाही असं आपण सांगू शकत नाही, असंही ते म्हणाले. मग ते आत दुसऱ्या पाळण्याकडे गेले.

पंचेचाळीस मिनिटं होती. सुचिताने काय घेतलं होतं ते मंजुश्रीला माहीत होतं.

पाचव्या महिन्यापर्यंत सुचिताच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. वजन साडेअडतीस किलोवर आलं. दोनदा सलाइन लावून झालं, उलटीच्या गोळ्या झाल्या. मग दिवाळीनंतर पुष्पाबाईने आपल्या मोठ्या बहिणीकडून, डोंगराच्या कडेला राहणाऱ्या रुक्मिणीबाईकडून, भुकेची पूड आणवली. सुंठ, बडीशेप, ओवा, खसखस आणि तुपात परतलेला एक पाला. गुळात कालवून बोराएवढी गोळी, सकाळ-संध्याकाळ. आठ दिवसांत सुचिता भाकरी मागून खायला लागली.

मंजुश्रीने तेव्हा विचारलं होतं, पाला कशाचा. पुष्पाबाई म्हणाली होती, जंगलातला. मंजुश्रीने बारावी विज्ञान केलं होतं. जंगलातला हे उत्तर नाही, एवढं तिला कळत होतं. पण वजनकाट्यावर पहिल्यांदाच एकेचाळीस आलं होतं.

डिसेंबरात शेजारच्या गावी कोणाच्या तरी तुरीतून गांज्याची झाडं उपटून पोलिसांनी पंचनाम्यासाठी ग्रामपंचायतीसमोर टाकली. मंजुश्री त्या दिवशी लसीकरणाला तिथेच होती. झाडं दिवसभर उन्हात पडून होती आणि तो तिखट, ओलसर वास तिच्या ओढणीत बसला. दोन दिवसांनी ती सुचिताच्या घरी गेली, पुष्पाबाईने डबा उघडला, आणि तोच वास आला.

त्या दिवशी ती बोलू शकली असती. तिने मनात हिशेब मांडला होता. आयुर्वेदातही भांग आहे. बोराएवढी तर गोळी. आणि बंद केली तर ही बाई पुन्हा अडतीसवर येईल. तिने पुष्पाबाईला सांगितलं, मानवतंय तर चालू ठेवा. जानेवारीत तालुक्याच्या बैठकीत सुचिताच्या वजनाचा आलेख भिंतीवर लावला गेला. अतिजोखमीची माता, साडेअडतीस ते शेहेचाळीस. सगळ्या आशांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं, काय खाऊ घातलं हो. तिने हसून विषय बदलला होता. गावात परतल्यावर मात्र तिने दोघींना ती पूड घ्यायला सांगितलं: महामायेला, जिला आता सातवा महिना होता, आणि खालच्या वस्तीतल्या एका नव्या गरोदर सुनेला.

उपकेंद्राच्या नर्सबाईंनी आठव्या महिन्यात टेप लावून पोट मोजलं तेव्हा माप तीन सेंटिमीटरने कमी भरलं. टेप सरकली असेल, मंजुश्री म्हणाली होती. आईचं वजन चढत होतं. ते बाळाचं नव्हतं.

ती बाळंतिणींच्या खोलीत आली. सुचिता भिंतीकडे तोंड करून पडली होती. खाटेखाली, चादरीच्या पिशवीशेजारी, स्टीलचा डबा होता. मंजुश्रीने वाकून झाकण काढलं. डिंकाचे लाडू. वरून तूप गोठलेलं, आणि त्याखाली तोच वास.

पुष्पाबाई मागून आली.

"घे ना एक," ती म्हणाली. "तुह्यासाठीबी आणले."

"याच्यात पूड टाकली काय, काकू?"

"मंग? भूक लागीन तं दूध उतरीन. दोन सकाळी खाल्ले तिनं, एक आता देतो."

मंजुश्रीने वेळा जुळवल्या. दोन सकाळी. दूध आठला, दहाला, बाराला. तिला वाटत होतं की जे झालं ते पोटात असताना झालं आणि संपलं. ते संपलेलं नव्हतं. ते दर दोन तासांनी, वाटीतून, सिस्टरांच्या स्वच्छ हातांनी आत जात होतं.

तिने हळू आवाजात सांगितलं, की लाडू आता देऊ नका, बाळंतिणीला गरम पडतात. खरं कारण तोंडातून निघेना. डबा मी घरी नेते, म्हणाली.

पुष्पाबाईने डब्यावर हात ठेवला. ती मूर्ख बाई नव्हती. तिने मंजुश्रीचा चेहरा पाहिला, मग काचेच्या दिशेने पाहिलं, आणि खाटेच्या कडेवर बसली.

"आता गरम पडते काय? महिनोन्‌महिने गरम नाही पडली. तूच म्हटलं होतं, मानवते तं चालू ठेवा. आठवते काय, का तेबी सांगू?"

"आठवते."

"तं मंग चूप राह्य. डबा ने तू, मी नाही म्हणत नाही. पण त्या डॉक्टरपुढं तोंड उघडशीन तं पोलीस माह्या बहिणीच्या दारात जातीन. अन तुही नोकरी राहीन काय? तालुक्याच्या भिंतीवर तुहाच कागद लावला होता ना?"

तिने हे ओरडून म्हटलं नाही. पदराने लाडवांवर बसलेली माशी वारत म्हटलं. सुचिताची पाठ हलली नाही. ती जागी आहे की झोपली आहे ते कळत नव्हतं.

डबा न्यायचा आणि गप्प बसायचं. मंजुश्रीला ते जमण्यासारखं वाटलं, आणि वाटलं याची लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही. लाडू बंद झाले की दूध हळूहळू स्वच्छ होईल. कोणाला काही सांगायची गरज नाही. डॉक्टर हुशार आहेत, त्यांचं ते बघतील. तिने डबा पिशवीत घातला आणि बाहेर आली.

व्हरांड्यात गोकुळ, सुचिताचा नवरा, बाकावर बसला होता. संत्र्याच्या बागेतून तसाच आलेला, पायजम्यावर फवारणीचे पांढरे डाग. त्याच्या मांडीवर छापील कागद होता आणि हातात सिस्टरांचं पेन. मागे ट्रॉलीवर सारिका सिस्टर एका लहान सिरिंजमध्ये औषध भरून ठेवत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात एकला बारा कमी होते.

"मंजुताई," गोकुळ म्हणाला, "हे पाठीतून पाणी काहाडाचं म्हणते. अन मंग अकोल्याले. मले यातलं काही समजत नाही. तुमी सांगा, सही करू काय?"

त्याने पेनाचं टोक कागदावर टेकवलेलंच होतं. ती हो म्हणाली असती तर त्याने दुसऱ्या क्षणाला नाव लिहिलं असतं. लग्नानंतर रेशनकार्डात सुचिताचं नाव चढवण्यापासून त्याने प्रत्येक कागद तिला विचारूनच भरला होता.

"थांब," ती म्हणाली. "करू नको अजून."

ती ट्रॉलीच्या बाजूने आत गेली. चपला बाहेर काढायचं राहिलं. सारिका सिस्टर काहीतरी बोलल्या, ते तिला ऐकू आलं नाही. डॉक्टर हात धूत होते. तिने डबा धुण्याच्या कट्ट्यावर ठेवला.

"सर, मघाशी मी खोटं बोलले. तिने भांग खाल्ली आहे. गांज्याचा पाला, तुपात परतलेला. पाचव्या महिन्यापासून रोज दोनदा. आजही खाल्ली."

डॉक्टरांनी नळ बंद केला. ओल्या हातांनीच झाकण उघडून वास घेतला. पुढचे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले आणि तिने उत्तरं दिली. गोळी केवढी? बोराएवढी, सुपारीपेक्षा जराशी मोठी. मध्ये कधी बंद केली होती? नाही. शेवटची कधी? सकाळी सात-साडेसातला, लाडवातून. चिलीम, सिगारेट, घरात धूर? नाही. अफू, खसखशीची बोंडं? खसखस आहे, बोंडं नाहीत. ती रुक्मिणीबाईला फोन करून खात्री करून घेईल.

"घरच्यांना माहीत होतं?"

"सासूला. सुचिताला नाही. तिला भुकेची पूड एवढंच माहीत."

"आणि चालू ठेवायला कोणी सांगितलं?"

"मी."

त्यांनी केसपेपर ओढून घेतला आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता, वर न बघता बोलत होते. सगळं यामुळेच झालं असं ते म्हणणार नव्हते. पाच महिने उपाशी राहिलेल्या आईचं बाळ तसंही लहान भरू शकतं. भांग घेतलेल्या आयांची काही बाळं चांगली निघतात, काही लहान, काही अशी थरथरणारी आणि सुस्त. रक्तातल्या जंतूंचा रिपोर्ट येईपर्यंत अँटिबायोटिक बंद होणार नव्हतं. पण पाठीतलं पाणी काढायची आणि इंजेक्शनाची घाई आता करायची नव्हती. सुस्तीचं एक कारण समोर डब्यात असताना त्यावर आणखी सुस्तीचं औषध द्यायचं नव्हतं.

"आईचं दूध आत्तापासून थांबवायचं," ते म्हणाले. "ती गोष्ट चरबीत मुरते आणि दुधात चरबी असते. काही दिवस उतरत राहील, कदाचित काही आठवडे. नक्की कोणी सांगू शकत नाही. तोवर तिने पिळून टाकून द्यायचं, म्हणजे दूध आटणार नाही. बाळाला इथलं डब्याचं देऊ. पुढे कधी सुरू करायचं ते बाळ बघून ठरवू."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अजून कोणाला दिलीय?"

तिने दोन नावं सांगितली. डॉक्टरांनी तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. तिने तिथेच, कट्ट्यापाशी उभं राहून महामायेला लावला. महामाया जेवत होती. मंजुश्रीने तिला सांगितलं, ती पूड आजपासून बंद, उरलेली चुलीत टाक, त्यात भांग आहे, मला माहीत होतं. मग महामायेने एवढंच विचारलं की उलट्या पुन्हा सुरू झाल्या तर काय करायचं. मंजुश्री म्हणाली, उद्या सकाळी मी तुला दवाखान्यात घेऊन जाते. माझ्यासोबत यायचं नसेल तर नर्सबाईंसोबत जा, पण जा. दुसरीच्या सासऱ्याने फोन उचलला आणि निरोप ऐकून शिवी दिली. निरोप मात्र त्याने ऐकला होता.

बाहेर गोकुळला डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. त्याने आईकडे पाहिलं, मग मंजुश्रीकडे, आणि कागदाची घडी करत राहिला, लहान, आणखी लहान. पुष्पाबाईने तोंड फिरवलं. कोणाला उद्देशून नव्हे, समोरच्या भिंतीला सांगावं तशी ती म्हणाली, "लोकाच्या घरात शिरून कायदे शिकवणाऱ्या बाया." पण डबा परत मागितला नाही.

सारिका सिस्टरांकडे अकरा बाळं होती. डॉक्टरांनी एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखले आणि तो मंजुश्रीच्या हातात दिला. चपला काढ, कोपरापर्यंत हात धू, गाऊन घाल आणि या पाळण्याजवळ बस. थरथर सुरू झाली की वेळ लिही. थरथरणारा हात किंवा पाय अलगद मुठीत धर, सांधा वाकव. धरल्यावर थांबली तर ती थरथर. धरूनही हाताखाली चालूच राहिली, डोळे एका बाजूला गेले, तर ती आकडी. मला हाक मार. संध्याकाळी सहापर्यंत असं एकदा जरी झालं तरी इंजेक्शन आणि अकोला. अॅम्ब्युलन्स थांबवून ठेवतोय.

"तुला लिहिता येतं आणि तू घड्याळ बघतेस," ते म्हणाले. "म्हणून सांगतोय. दुसरं काही नाही."

एक वाजून सात मिनिटांनी पहिली आली. डावा पाय. तो पाय तिच्या करंगळीपेक्षा फार लांब नव्हता. तिने मुठीत घेतला तेव्हा आत एखादी तार छेडल्यासारखं काही कंप पावत होतं. तिने घोटा वाकवला. थांबलं. तिने लिहिलं: १.०७, डावा पाय, अंदाजे दहा सेकंद, धरल्यावर थांबली.

१.३१, दोन्ही हात. थांबली. १.४४, हनुवटी, हनुवटी कशी धरायची ते तिला कळेना, तिने बोटाच्या पेराने खालून आधार दिला. थांबली. २.१० ला बाळाने डोळे उघडले आणि ते उजवीकडे सरकले. तिच्या ओठांवर हाक आली, आणि तेवढ्यात ते परत समोर आले. खिडकीकडे पाहिलं असावं. तिने तेही लिहिलं, आणि सिस्टर पुढच्या वेळी जवळून गेल्या तेव्हा त्यांना वाचून दाखवलं.

अडीचच्या सुमारास सुचिता आत आली. टाके ओढत होते म्हणून भिंतीला धरून, गाऊन उलटा घातलेला. तिला गोकुळने सांगितलं होतं. ती पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली.

"दूध पिळून मोरीत टाकलं," ती म्हणाली. "वाटी भरून होतं."

मंजुश्रीने पेन कागदावर ठेवलं.

"ती गोळी खाल्ली की डोकं हलकं हलकं व्हाये. मले वाटे तब्येत सुधरून राह्यली." ती बाळाकडे बघूनच बोलत होती. "तुमाले माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून."

सुचिताने बोटं मोजली नाहीत, पण तिचे ओठ हलले. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मंजुश्रीला वाटलं, आता ही मारेल. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुमी दर मंगळवारी येत होत्या," सुचिता म्हणाली. "काट्यावर उभं करत होत्या मले."

त्याच वेळी उजवा पाय सुरू झाला. मंजुश्रीचा हात पुढे गेला.

"तुमी नका धरू," सुचिता म्हणाली. "मले दाखवा कसं धराचं."

मंजुश्रीने हात मागे घेतला. तळवा इथे, अंगठा घोट्यावर, दाबायचं नाही, नुसतं वाकवायचं, तिने सांगितलं. सुचिताने पाय धरला. तिची मूठ थरथरत होती, त्यामुळे क्षणभर दोघींनाही कळेना की बाळाचा पाय हलतोय की तिचा हात. दोघी खाली वाकल्या. मंजुश्री मनात सेकंद मोजत होती: चार, पाच, सहा. सुचिताने श्वास रोखला तसा तिचा हात स्थिर झाला. सात. आठ.

पाय शांत होता.

"थांबलं काय?"

"थांबलं."

सुचिताने पाय सोडला नाही. घड्याळात दोन चाळीस झाले होते. सहाला तीन तास वीस मिनिटं बाकी होती. तिने मान न वळवता हनुवटीने कागदाकडे खूण केली.

"लिहा मंग," ती म्हणाली. "बरोबर लिहा."